तिसरा वाण

माझी बायको मालन गेल्याचं मला मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता कळलं. ती गेली होती पावणेसातला. मधल्या अडीच तासांत मी मिरजेच्या दवाखान्यामागच्या नळावर तिचा गाऊन धुतला, पिळून कठड्यावर वाळत घातला, चहा घेतला आणि शेजारच्या खाटेवरल्या बाईच्या नवऱ्याशी पाण्याच्या पाळीबद्दल बोललो. वॉर्डातून फोनवर निरोप आला होता, पण फोन मी नातेवाइकांच्या खोलीत चार्जिंगला लावून आलो होतो. नर्स मला शोधत खाली आली. तुम्हीच मुसळे का, असं तिनं विचारलं. मी हो म्हटलं. पुढचं तिनं हळू आवाजात सांगितलं. मी हात पुसले आणि तिच्या मागून जिना चढलो.

माझं नाव सदानंद मुसळे. वय एकसष्ट. इचलकरंजीत चौतीस वर्षं यंत्रमागांचा जॉबर होतो, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. लिहिण्याची सवय नाही. मिरजेला मालनवर उपचार करणाऱ्या डॉ. तबस्सुम नदाफ म्हणाल्या की जे झालं ते क्रमानं लिहून ठेवा, म्हणून लिहितो आहे.

मालनच्या कमरेवर पहिला चट्टा सहा वर्षांपूर्वी आला. रुपयाएवढा, कोरडा, कडेनं लालसर. नायटा समजून आम्ही दुकानातून मलम आणलं. खाज कमी व्हायची, चट्टा राहायचा. चार वर्षं मलमं बदलण्यात गेली. मग चट्टे जाड झाले, काखेत गाठ आली, आणि मिरजेत कातडीचा तुकडा काढून तपासल्यावर कळलं की हा त्वचेचा लिम्फोमा आहे. डॉ. नदाफ यांनी मला तो असा समजावला : हा कातडीचा स्वतःचा कॅन्सर नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी काही पेशी कातडीत पहाऱ्याला असतात. त्यांना टी पेशी म्हणतात. त्याच बिघडतात आणि वाढत सुटतात. दिसायला नायट्यासारखंच दिसतं, म्हणून बहुतेकांची सुरुवातीची वर्षं मलमात जातात.

तेराव्यानंतर चार दिवसांनी डॉ. नदाफ यांचा फोन आला. मालनच्या गाठीचा सगळा अहवाल आता आला होता आणि त्यांना मला काही विचारायचं होतं. मला जायचं नव्हतं. बाई गेल्यावर अहवाल घेऊन काय करायचं, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, दुसऱ्या एका बाईचा प्रश्न आहे, आणि तुम्ही तिला ओळखता.

त्या बाई म्हणजे कस्तुरी लोले. मी जॉबर होतो त्या कबाडे मालकांच्या शेडमध्ये मालन आणि कस्तुरी शेजारशेजारच्या मागावर आठ वर्षं होत्या. मालनच्या दिवसांना आली तेव्हा कस्तुरीनं दंडावरचा चट्टा बायकांना दाखवला होता. त्यातल्या कुणीतरी तिला मिरजेला पाठवलं. तिच्या चट्ट्यातही तेच निघालं होतं, फक्त अजून पातळ होतं, गाठ झाली नव्हती.

डॉ. नदाफ यांनी मला समोर बसवून सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहितो. एक विषाणू आहे जो दहांतल्या नऊ माणसांच्या अंगात असतो. थुंकीतून पसरतो. लहानपणी एकमेकांचं उष्टं खाताना येतो, कधी थोडा ताप येतो, कधी तोही नाही, आणि मग तो जन्मभर पांढऱ्या पेशींत झोपून राहतो. त्यानं कातडीचा लिम्फोमा होतो की नाही यावर पन्नास वर्षं वाद चालला होता, कारण काही गाठींत तो सापडायचा, काहींत नाही. आता नव्या यंत्रानं कळलं की लोक अख्खा विषाणू शोधत होते. गाठीत असतात त्याचे तुकडे, आणि ते एका वाणाचे नसतात. ज्वारीचे जसे वाण असतात तसे या विषाणूचेही असतात, गावागावात, घराघरात थोडे वेगळे. एक वाण अंगात असेल तर काही होत नाही. पण दोन-तीन वाण एकाच पेशीत आले तर त्यांच्यात तुकड्यांची अदलाबदल होते. एका वाणाचा तुकडा टी पेशीत शिरायला वाट देतो, दुसऱ्याचा कातडीत टिकून राहायला मदत करतो, तिसऱ्याचा पेशीचा ब्रेक काढून टाकतो. तिन्ही एकत्र आले तरच बिघाड. तोही हजारांत एखाद्याला, आणि वीस-पंचवीस वर्षांनी.

"मालनताईंच्या गाठीत तीन वाण आहेत," त्या म्हणाल्या. "कस्तुरीबाईंच्या चट्ट्यातही नेमके तेच तीन. एक मालनताईंचा स्वतःचा. एक कस्तुरीबाईंचा. तिसरा कुणाचा, ते माहीत नाही. या दोघींची थुंकी एकमेकींत आणि आणखी एका माणसात कशी मिसळली?"

मला फार विचार करावा लागला नाही.

आता इचलकरंजीत धोट्याचे माग भंगारात गेले आहेत, म्हणून सांगायला हवं. धोटा म्हणजे होडीच्या आकाराचा लाकडी तुकडा. त्याच्या पोटात सुताची कांडी बसते आणि तो मागावर आडवा धावत सूत सोडत जातो. चार-पाच मिनिटांत कांडी संपते. नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. ते कामगार तोंडानं काढायचे. भोकाला ओठ लावायचे आणि आत श्वास ओढायचा, की सूत जिभेवर येतं. दोन सेकंदांचं काम. एका पाळीत शंभर-सव्वाशे वेळा. धोटा झिजला, टोक बोथट झालं की मी तो काढून घासायचो आणि ज्या मागाला लागेल त्याला द्यायचो. म्हणजे आज मालनच्या तोंडचा धोटा परवा कस्तुरीच्या तोंडी. ही फिरवाफिरवी माझी. धोटा उगाच टाकून द्यायचा नाही, असा माझा नेम होता.

डॉक्टरांनी हे सगळं लिहून घेतलं. मग उपचाराचं सांगितलं. रोग्याच्याच पांढऱ्या पेशी काढून त्यांना प्रयोगशाळेत तो विषाणू ओळखायला शिकवतात आणि परत अंगात सोडतात. शिकवायला तिन्ही वाण अख्खे, जिवंत लागतात, कारण गाठीतले तुकडे शिकवणीला पुरत नाहीत. कस्तुरीचा तिच्यात होता. मालनचा कुठून आणायचा, हा प्रश्न मी विचारला.

त्यांनी माझ्यापुढे एक नळी ठेवली. "तुमची सत्तावीस वर्षं संसारात गेली. त्यांचा वाण तुमच्यात असणार."

मी नळीत थुंकलो. आठवड्यानं कळवलं की आहे. माझ्या स्वतःच्या वाणाशेजारी तिचा झोपलेला आहे. मला काही त्रास नाही, होण्याची शक्यताही फार कमी. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो आणि लवकर झोपलो.

तिसऱ्यासाठी डॉक्टरांना त्या शेडमध्ये धोट्याला तोंड लावणाऱ्या सगळ्यांची नावं हवी होती. मी चार दिली. मालन, कस्तुरी, दस्तगीर आणि भरमा. दस्तगीर शहापूर नाक्यावर राहतो. त्यानं लगेच नमुना दिला, तो जुळला नाही. भरमा आठ वर्षांपूर्वी वारला होता, बायको त्याच्या आधीच गेलेली, मूलबाळ नव्हतं. डॉक्टरांनी अंदाज बांधला की तिसरा वाण भरमाचा असणार, आणि तो त्याच्याबरोबर संपला. असं असेल तर कस्तुरीच्या पेशी तयार करता येणार नव्हत्या. तिच्या हातात तीन महिने होते, फार तर चार. मग चट्टे जाड होणार होते आणि त्या टप्प्यावर या उपचाराचा उपयोग होत नाही. यात तीन आठवडे गेले होते.

ते सांगायला मीच कस्तुरीकडे गेलो. ती दारात मेथी निवडत बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं. तिनं देठ बाजूला केले, पानं ताटात टाकली, आणि मी कोणाकोणाची नावं दिली ते विचारलं. मी सांगितली.

"आणि इराप्पा?"

"तो तोंड लावत नव्हता. सूत ओढायला आकडा वापरायचा."

"शेवटचे तीन महिने लावत होता," कस्तुरी म्हणाली. "त्याचा आकडा तूच मोडलास, जॉबर. इसरलास, का इसरल्यागत करतोयस?"

मी विसरलो नव्हतो. पण नावं देताना तो माझ्या मनात आला नव्हता, हेही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असतं ते मला सांगता येत नाही.

इराप्पा कर्नाटकातल्या रबकवीचा. पंचवीस वर्षांपूर्वी कामाला आला. चांगला विणकर, पण धोट्याला तोंड लावायचा नाही. छत्रीच्या काडीचा एक आकडा त्यानं स्वतः वळवला होता, त्यानं सूत ओढायचा. त्याला सात-आठ सेकंद लागायचे. पाळीला त्याचं कापड दोन-अडीच मीटर कमी भरायचं. पण आमचा राग त्यावरून नव्हता. आमच्या शेडमध्ये लिंगायत, कोष्टी, मुसलमान, जैन सगळे होते आणि कबाडे मालक आल्या-गेल्याला अभिमानानं सांगायचे की इथं जातपात नाही, सगळ्यांचं तोंड एकाच धोट्याला. आम्हालाही त्याचा अभिमान होता. त्यात हा एकटा तोंड बाजूला ठेवणारा. आम्ही समजलो, हा सोवळं पाळतो. मालननं त्याचं नाव स्वामी ठेवलं. स्वामी, तुमचा माग शिवला तर चालतो ना, असं ती मागांच्या खडखडाटात ओरडून विचारायची आणि सगळे हसायचे. इराप्पाही थोडा हसायचा.

एका शनिवारी मालक कापडावरून बोलले. मी सगळ्यांसमोर इराप्पाच्या मागाशी गेलो. आमच्या थुंकीचा विटाळ होतो का तुला, असं विचारलं. मी त्याच्या खिशातून आकडा काढला, दुमडला आणि तुटक्या सुताच्या ढिगात फेकला. माग बंद होता. इराप्पानं धोटा उचलला आणि भोकाला तोंड लावलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, मी एक चांगलं काम केलं. तीन महिन्यांनी तो गाव सोडून गेला. बायको बाळंत झाल्याचं कारण सांगितलं होतं.

कस्तुरीकडून निघालो तो दस्तगीरकडे. इराप्पा रबकवीत हातमागावर साड्या विणतो, एवढं त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नळ्या आणि थंड पिशवी दिली. कायद्यानं त्यांना अनोळखी माणसाकडे थेट नमुना मागता येत नाही. ओळखीच्या माणसानं विचारायचं आणि त्याची संमती आणायची. बसनं अडीच तास लागले. विणकरांच्या गल्लीत तिसऱ्या घरी तो सापडला.

तो खड्ड्यातल्या मागावर पाठमोरा बसला होता. उकाडा होता, अंगात सदरा नव्हता. डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली त्याच्या पाठीवर दोन चट्टे होते. रुपयाएवढे, कडेनं लालसर, वर कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा. असा चट्टा मी सहा वर्षं रोज पाहिला आहे. मला अहवालाची गरज नव्हती.

त्यानं वळून पाहिलं आणि ओळखलं. "सदाण्णा, म्हातारा झालास की."

तू काय तरणा राहिलास, असं मी म्हणालो. त्यानं सदरा घातला. बायकोनं चहा आणला. दोन्ही मुली लग्न होऊन बेळगावला आहेत, गुडघा दुखतो, हातमागाच्या साडीला आता पुन्हा गिऱ्हाईक आहे, असं सगळं त्यानं सांगितलं. मग विचारलं, वहिनी कशा आहेत, अजून तशाच बोलतात का? मी सांगितलं की ती गेली. दोन महिने होतील. कशानं, ते त्यानं विचारलं. अंगात गाठी झाल्या होत्या, म्हणालो. चट्ट्यांचं काही बोललो नाही.

मग कस्तुरीचं सांगितलं. तिला एक आजार आहे, औषध बनवायला शेडमधल्या सगळ्यांची थुंकी तपासताहेत, तुझी हवी आहे.

"माझ्या थुंकीची गरज पडली म्हणायची," तो म्हणाला.

त्यानं कप खाली ठेवला. मग मी त्याला पंचवीस वर्षांत कधी न विचारलेलं विचारलं, की तू आकडा का वापरायचास.

त्यानं सरळ सांगितलं. एकोणिसाव्या वर्षी त्याला ताप आला, गळ्याला गाठी आल्या, दोन महिने अंथरुणात होता. डॉक्टरनं घरच्यांना सांगितलं, याचा तांब्या वेगळा ठेवा. धाकटा भाऊ चुकून त्याच तांब्यानं पाणी प्याला आणि तोही पडला, जास्त दिवस पडला. आईनं इराप्पाचा तांब्या कायमचा वेगळा केला. त्यानंतर त्यानं कधी कुणाला आपलं उष्टं दिलं नाही. बायकोलाही नाही, मुलींनाही नाही.

"तेव्हा बोलला असतास तर," मी म्हणालो.

"बोललो असतो तर मालकानं ठेवलं असतं? सोवळा म्हणून तुम्ही हसत होता. रोगी म्हणून हाकललं असतं. घरात बायको पोटुशी होती, सदाण्णा." मग तो म्हणाला, "तोंड लावत नव्हतो ते तुमच्यासाठी. तुम्हाला वाटलं, माझ्यासाठी."

त्यानं तीन नळ्या भरून दिल्या आणि कागदावर सही केली. मी त्याच्या पाठीबद्दल विचारलं नाही. कारण मला त्या वेळी माहीत होतं : विचारलं तर तो घाबरेल, घरात बोलणं निघेल, मुलींना फोन जाईल आणि आज नमुना मिळणार नाही. कस्तुरीचे दिवस मोजलेले होते. बसमध्ये थंड पिशवी मांडीवर घेऊन मी हेच कारण स्वतःला सांगत आलो. ते खोटं नाही. पण मी त्याच्याकडून हवं ते घेतलं आणि निघालो, हेही खोटं नाही.

तिसरा वाण इराप्पाचाच निघाला. डॉ. नदाफ म्हणाल्या की यात दोष कुणाचा नाही. त्याच्या वाणानं एकट्यानं काही झालं नसतं, मालनच्या एकटीच्यानंही नाही. तिघांचे एकत्र यायला हवे होते. ते मी एकत्र आणले, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, ती पद्धत होती, सगळीकडे होती.

बारा दिवसांत कस्तुरीच्या पेशी तयार झाल्या. दोन मात्रा झाल्या आहेत. पहिल्या मात्रेनंतर चार दिवस कडक ताप होता. दुसरीनंतर दंडावरचा चट्टा फिका पडला, आता हात फिरवला तर लागत नाही. बरी झाली असं डॉक्टर वर्षभर तरी म्हणणार नाहीत. परवा भेटायला गेलो तर कस्तुरी म्हणाली, "सासू म्हणायची, कुणाच्या उष्ट्याला हात लावू नगंस. आता तिघांच्या थुंकीवर जगायलोय बग." तिला इराप्पाच्या तांब्याची गोष्ट मी सांगितली आहे. ती ऐकून म्हणाली की त्या दिवशी टाळ्या वाजवायला सुरुवात तिनं केली होती, मालननं नाही. मला ते आठवत नव्हतं.

इराप्पाच्या पाठीचं मी डॉक्टरांना अहवालाच्या दिवशीच सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आधी का नाही बोललात, असं विचारलं. मग म्हणाल्या की त्याला ताबडतोब आणा. तिन्ही वाण आता हाताशी आहेत, चट्टे पातळ असतील तर त्याच्याही पेशी करता येतील. पण त्याला समोरासमोर सगळं सांगायला हवं. तिसरा वाण त्याचा होता हेसुद्धा, कारण उपचाराचा कागद त्याच्या संमतीशिवाय पुढं सरकत नाही. त्या स्वतः जायला तयार होत्या. मी म्हणालो, मी सांगतो, आठवडा द्या. त्याला पाच आठवडे झाले.

मध्यंतरी चार वेळा इराप्पाशी फोनवर बोललो. पहिल्या वेळी त्याला कळवलं की नमुना उपयोगी पडला, कस्तुरीला औषध सुरू झालं. त्याला फार आनंद झाला. त्यानं बायकोला हाक मारून सांगितलं. पुढच्या फोनला म्हणाला की गल्लीतल्या लोकांनाही सांगितलं, आमची थुंकी औषधाची निघाली. बायको आता त्याच्या तांब्यानं पाणी पिते, असंही म्हणाला. चाळीस वर्षांनी पहिल्यांदा. तो हसत होता. मी सुताचे भाव विचारले आणि फोन ठेवला. चौथ्या फोनला त्यानंच काढलं की पाठीला खाज फार सुटते, बायकोनं दुकानातून मलम आणलं आहे. मलम लावू नको, एवढं मी म्हणालो. का, ते त्यानं विचारलं. भेटल्यावर सांगतो, म्हणालो.

महिनाअखेरीपर्यंत मी गेलो नाही तर डॉ. नदाफ त्यांचा माणूस पाठवणार आहेत. रबकवीची गाडी सकाळी साडेसातला सुटते. दोनदा स्टँडपर्यंत जाऊन आलो. इराप्पाला मी अजून सांगितलेलं नाही.